केमोथेरपीच्या काळात डोळ्यांचा विषाणूसंसर्ग टाळण्यासाठी: पहिल्या सलाइनच्या आधीपासून उपचार संपेपर्यंत

केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाच्या डोळ्यांची काळजी घेताना बहुतेक घरांत दोन चुका होतात. पहिली म्हणजे काळजीची सुरुवातच डोळा लाल झाल्यावर होते, आणि जी कामे पहिल्या सलाइनच्या आधी उरकायला हवी होती त्यांची वेळ तोपर्यंत टळून गेलेली असते. दुसरी म्हणजे संसर्ग नेहमी बाहेरूनच येतो असे धरून सारा भर हात धुण्यावर आणि पाहुण्यांना दूर ठेवण्यावर दिला जातो. प्रत्यक्षात दृष्टीला सर्वाधिक धोका असलेले विषाणू बहुधा रुग्णाच्या स्वतःच्या शरीरात वर्षानुवर्षे सुप्त पडून असतात आणि प्रतिकारशक्ती खालावली की आतूनच उसळतात. औषधे, डोस आणि तारखा ठरवण्याचे काम उपचार करणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांचे आहे. त्यांना काय सांगावे, काय विचारावे आणि घरी कोणत्या क्रमाने काय करावे, एवढ्यापुरता हा लेख आहे.

## विषाणूंचे दोन गट

बाहेरून येणाऱ्यांत ॲडिनोव्हायरस प्रमुख आहे. ‘डोळे येणे’ म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या विषाणूजन्य साथीमागे बहुतेक वेळा तो असतो. बाधित डोळ्यातील पाणी हाताला, हातावरून टॉवेलला किंवा दाराच्या कडीला आणि तिथून दुसऱ्याच्या डोळ्याला, असा त्याचा प्रवास असतो. या विषाणूला बाहेरचे स्निग्ध आवरण नसल्यामुळे तो कोरड्या पृष्ठभागावर काही आठवडेसुद्धा टिकू शकतो आणि अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरला सहज दाद देत नाही.

आतून उसळणाऱ्यांत तीन नावे लक्षात ठेवावीत. हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू बुबुळावर व्रण करतो. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो आणि पुढे नागीण म्हणून कपाळावर व डोळ्यात उठतो. सायटोमेगॅलोव्हायरस डोळ्याच्या आतील दृष्टिपटल पोखरतो. तो मुख्यतः दुसऱ्या व्यक्तीकडून घेतलेल्या अस्थिमज्जा किंवा स्टेमसेल प्रत्यारोपणानंतर आणि दीर्घकाळ लिम्फोसाइट (विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दाबून ठेवणाऱ्या उपचारांत त्रास देतो.

पहिल्या गटाला स्वच्छता अडवते. दुसऱ्या गटाला कितीही हात धुतले तरी फरक पडत नाही. तिथे पूर्वतपासणी, लस आणि प्रतिबंधक गोळ्याच कामी येतात.

## टप्पा १: पहिल्या केमोच्या आधी

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा, कारण इथे सुटलेली गोष्ट पुढे भरून काढता येईलच असे नाही.

१. डोळ्यांचा आणि विषाणूंचा पूर्वेतिहास कागदावर लिहा. कांजिण्या झाल्या होत्या का, किंवा त्यांची लस घेतली होती का? नागीण कधी उठली होती का आणि शरीराच्या कोणत्या भागावर? ताप आल्यावर किंवा दगदग झाल्यावर ओठांच्या कडेला जळजळणारे फोड वारंवार येतात का? पूर्वी एकाच डोळ्याला पुन्हा पुन्हा लाली, दुखणे आणि उजेड सहन न होणे असा त्रास झाला होता का? घरातील वडीलधारे ‘लहानपणी डोळ्यात फूल पडले होते’ असे सांगतात, ती गोष्टही लिहावी. ते फूल म्हणजे जुन्या व्रणाचा वण असतो, त्यामागे हर्पिस असू शकतो, आणि ही माहिती कर्करोगतज्ज्ञांपर्यंत क्वचितच पोहोचते, कारण कर्करोगाच्या उपचारांशी तिचा काही संबंध असेल असे कोणाच्या मनातच येत नाही. काँटॅक्ट लेन्स, काचबिंदूचे ड्रॉप्स, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि बुबुळाचे रोपण यांचीही नोंद करावी. तोंडी सांगितलेले गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हरवते. कागद फाइलमध्ये राहतो.

२. नेत्रतज्ज्ञांकडून मूळ तपासणी करून घ्या. दोन्ही डोळ्यांची दृष्टी स्वतंत्रपणे मोजलेली, बुबुळाचा पृष्ठभाग व कोरडेपणा पाहिलेला आणि बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासलेले असावे. पुढे कधी दृष्टी अंधूक झाली, तर ‘आधी किती होती’ या प्रश्नाचे उत्तर हाती असते. ज्यांना प्रत्यारोपण, रक्ताच्या कर्करोगाचे तीव्र उपचार किंवा पूर्वीचा हर्पिस आहे त्यांनी ही तपासणी टाळू नये. डोळ्याची एखादी नियोजित शस्त्रक्रिया असेल, तर ती आधी करावी की पुढे ढकलावी हे दोन्ही तज्ज्ञांच्या संमतीने ठरवावे.

३. रक्ततपासणी आणि लस यांविषयी विचारा. प्रत्यारोपणाच्या किंवा लिम्फोसाइट खूप घटवणाऱ्या उपचारांच्या आधी कांजिण्यांच्या विषाणूविरुद्ध आणि सायटोमेगॅलोव्हायरसविरुद्ध प्रतिपिंडे (शरीराने तयार केलेली संरक्षक प्रथिने) आहेत का, हे पाहिले जाते. नागिणीची पुनःसंयोजित (विषाणूचा फक्त एक प्रथिनांश वापरून केलेली) लस जिवंत विषाणूची नसते, त्यामुळे ती प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनाही देता येते. तिचे दोन डोस असतात. एरवी त्यांत २ ते ६ महिन्यांचे अंतर ठेवतात, पण उपचार तोंडावर असतील तर ते १ ते २ महिन्यांवर आणता येते. निर्जीव लस केमोच्या किमान २ आठवडे आधी घेतली तर प्रतिसाद चांगला मिळतो. मात्र लसीसाठी कर्करोगाचा उपचार लांबवणे हा उलटा हिशेब ठरेल; वेळ नसेल तर लस नंतर कधी घ्यावी, हे त्याच भेटीत विचारून ठेवावे.

४. घरातील इतरांच्या लसी पूर्ण करा. रुग्णाभोवतीच्या माणसांना कांजिण्या झाल्या नाहीत, तर रुग्णाचाही धोका कमी होतो. घरातील व्यक्तीला कांजिण्यांची लस देता येते. लसीनंतर तिच्या अंगावर पुरळ उठले तर ते जाईपर्यंत तिने रुग्णापासून दूर राहावे. तोंडावाटे देण्याची पोलिओची लस मात्र रुग्ण राहतो त्या घरात टाळावी आणि बाळाला इंजेक्शनची लस देण्याविषयी बालरोगतज्ज्ञांशी बोलावे.

सावधान: जिवंत विषाणूची लस रुग्णाला केमोच्या आधीच्या ४ आठवड्यांत आणि केमो सुरू असताना देऊ नये. ‘लस’ हा एकच शब्द ऐकून होकार देण्यापूर्वी ती जिवंत आहे की निर्जीव, हे विचारावे.

तपासा: पूर्वेतिहासाचा कागद फाइलला लागला का? नेत्रतपासणीचा अहवाल हाती आहे का? लसीबाबत ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘नंतर’ असे स्पष्ट उत्तर मिळाले का?

## टप्पा २: प्रतिबंधक गोळ्यांचा निर्णय

केमो घेणाऱ्या प्रत्येकाला विषाणूविरोधी गोळ्या लागत नाहीत. घन गाठींच्या (स्तन, फुफ्फुस अशा अवयवांतील कर्करोगाच्या) अनेक नेहमीच्या उपचारांत त्या सरसकट दिल्या जात नाहीत. पण बोर्टेझोमिबसारखे (मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावरील) औषध, फ्लुडाराबिनसारखी लिम्फोसाइट घटवणारी औषधे, रक्ताच्या कर्करोगाचे तीव्र उपचार, प्रत्यारोपण किंवा मोठ्या मात्रेत दीर्घकाळ चालणारे स्टेरॉइड यांपैकी काही असेल, तर ‘असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर सुरू करायचे आहे का?’ असा थेट प्रश्न विचारावा. बुबुळावर पूर्वी हर्पिसचा व्रण झालेल्या रुग्णाने तर उपचार कोणताही असो, हा प्रश्न विचारावाच.

प्रतिबंधासाठी असायक्लोव्हिर प्रौढांना सामान्यतः ४०० किंवा ८०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. मूत्रपिंडाचे कार्य मंद असेल तर मात्रा कमी करावी लागते आणि पाणी पुरेसे प्यावे लागते. उलट्या झाल्याने गोळ्या पोटात टिकत नसतील, तर ते लगेच कळवावे, कारण तेव्हा पर्यायी मार्गाने औषध देता येते.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे केमोची सलाइन नसलेल्या आठवड्यांत गोळ्याही बंद करणे. त्या मळमळीच्या गोळ्यांसारख्या केमोच्या दिवसांपुरत्या नसतात. प्रतिकारशक्ती दबलेली असेपर्यंत त्या सलग घ्यायच्या असतात. दुसऱ्याचे स्टेमसेल घेतलेल्या रुग्णांत त्या किमान वर्षभर चालतात.

आणखी एक गैरसमज असा की एक विषाणूविरोधी गोळी सुरू आहे म्हणजे सगळ्या विषाणूंचा बंदोबस्त झाला. असायक्लोव्हिरची प्रतिबंधक मात्रा सायटोमेगॅलोव्हायरसला भरवशाने अडवत नाही, आणि सायटोमेगॅलोव्हायरससाठी दिले जाणारे लेटरमोव्हिर हर्पिस व नागिणीवर चालत नाही. म्हणून प्रत्यारोपणानंतर दोन्ही औषधे एकाच वेळी लिहिलेली दिसली, तर त्यांतील एक ‘दुबार’ समजून वगळू नये. सायटोमेगॅलोव्हायरसवर नजर ठेवण्यासाठी प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या सुमारे १०० दिवसांत साधारण दर आठवड्याला रक्ताची पीसीआर तपासणी (रक्तातील विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) होते. त्या तारखा चुकवू नयेत.

## टप्पा ३: हात, चेहरा आणि वापरायच्या वस्तू

१. डोळ्याला किंवा चेहऱ्याला हात लावण्यापूर्वी साबण व वाहत्या पाण्याने किमान २० सेकंद हात धुवावेत. नखांच्या कडा आणि अंगठे विसरू नयेत. सॅनिटायझर इतर अनेक जंतूंसाठी उपयोगी आहे, पण ॲडिनोव्हायरसच्या बाबतीत तो साबणाची जागा घेऊ शकत नाही.

२. रुग्णाचा टॉवेल, उशीचा अभ्रा आणि चेहरा पुसण्याचे कापड वेगळे असावे. डोळे पुसायला कागदी रुमाल वापरावा, एका डोळ्याला लावलेला भाग दुसऱ्या डोळ्याला लावू नये आणि वापरून झाला की झाकणाच्या डब्यात टाकावा.

३. केमोच्या काळात काँटॅक्ट लेन्स बंद ठेवून चष्मा वापरावा. लेन्समुळे बुबुळाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म ओरखडे पडतात, शिवाय ती घालताना व काढताना बोट डोळ्यात जातेच.

४. पापण्यांचे केस गळले असतील तर धूळ सरळ डोळ्यात जाते, डोळा खुपतो आणि हात आपसूक तिथे जातो. बाहेर पडताना कडांनी झाकणारा चष्मा वापरावा. चिकटवण्याच्या कृत्रिम पापण्या टाळाव्यात. जुने काजळ आणि मस्कारा टाकून द्यावेत.

५. सार्वजनिक जलतरण तलाव उपचार पूर्ण होईपर्यंत वर्ज्य समजावेत.

६. ओठांवर हर्पिसचे फोड उठले असतील, तर त्यांना मलम लावल्यावर लगेच हात धुवावेत आणि ते बोट डोळ्याकडे जाऊ देऊ नये. हे फोड डॉक्टरांना दाखवावेत; ‘नेहमीचेच आहेत’ म्हणून सोडून देऊ नयेत.

## टप्पा ४: ड्रॉप्स घालण्याचा क्रम

केमोमध्ये डोळे कोरडे पडतात, आणि कोरडा डोळा चोळला जातो. त्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने संरक्षक रसायन नसलेले कृत्रिम अश्रू वापरावेत. एकदाच वापरायच्या छोट्या कुप्या असतील तर उत्तम.

१. हात धुऊन कोरडे करा. २. बाटलीवरील नाव आणि मुदत वाचा. ३. मान मागे करून खालची पापणी हलकेच खाली ओढा. ४. बाटलीचे टोक पापणीला किंवा केसांना न लावता एक थेंब टाका. ५. डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर एक-दोन मिनिटे बोटाने हलका दाब द्या. ६. दुसरे औषध असेल तर ५ मिनिटे थांबा. ७. पुन्हा हात धुवा. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर लिहावी. बहुतेक बाटल्या उघडल्यापासून ४ आठवड्यांनी टाकून द्यायच्या असतात.

सावधान: घरात एका बाटलीतून दोघांनी ड्रॉप्स घालू नयेत, अगदी औषध एकच असले तरी.

इथे स्टेरॉइड ड्रॉप्सविषयी सविस्तर सांगणे भाग आहे. सायटाराबिन हे औषध मोठ्या मात्रेत देताना त्यामुळे बुबुळाला व डोळ्याच्या आवरणाला दाह होऊ नये म्हणून स्टेरॉइड ड्रॉप्स मुद्दाम दिले जातात. ते औषधाच्या आधी सुरू होतात आणि शेवटच्या डोसनंतर साधारण २ ते ३ दिवस चालतात. ते ठरल्याप्रमाणे घ्यावेत, भीतीने बंद करू नयेत. धोका पुढे असतो. बाटलीत औषध शिल्लक राहते, महिनाभराने डोळा लाल होतो, आणि ‘मागे यानेच बरे वाटले होते’ म्हणून तीच बाटली पुन्हा उघडली जाते. त्या वेळी बुबुळावर हर्पिसचा व्रण असेल, तर स्टेरॉइडने लाली दोन दिवस कमी दिसते आणि व्रण मात्र आत पसरत जातो. ज्या दिवशी ठरलेला कालावधी संपेल त्याच दिवशी उरलेली बाटली टाकून द्यावी, हा नियम घरात ठरवून टाकावा.

## टप्पा ५: घरात दुसऱ्या कोणाचे डोळे आले तर

या प्रसंगी पहिल्या दिवसाची शिस्त महत्त्वाची असते. लक्षणे दिसण्याच्या सुमारासच विषाणू पसरू लागतो, त्यामुळे ‘उद्या बघू’ म्हणण्यात एक दिवस वाया जातो.

१. आजारी व्यक्तीने वेगळ्या खोलीत झोपावे. दुसरा डोळाही आला असेल, तर तो आल्यापासून किमान १० ते १४ दिवस रुग्णाच्या जवळच्या संपर्कात येऊ नये. लाली ओसरली म्हणजे संसर्ग संपला, असे समजू नये.

२. रुग्णाची सेवा, विशेषतः ड्रॉप्स घालणे, दुसऱ्या व्यक्तीकडे सोपवावे.

३. दाराच्या कड्या, नळ, मोबाइल, रिमोट आणि विजेची बटणे दिवसातून किमान एकदा स्वच्छ करावीत. सुमारे ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेल्या ब्लीचच्या एका भागात नऊ भाग पाणी घालून द्रावण रोज ताजे करावे, हातमोजे घालून पृष्ठभागावर लावावे, १० मिनिटे ओले राहू द्यावे आणि मग पाण्याने पुसून घ्यावे. मोबाइल किंवा बटणांवर द्रावण ओतू नये. घट्ट पिळलेल्या कापडाने पुसावे. ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही क्लीनर मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघू शकतो. हे काम रुग्णाने करू नये आणि ते चालू असताना त्या खोलीत थांबूही नये.

४. टॉवेल, अभ्रे आणि रुमाल वेगळे करून गरम पाण्यात डिटर्जंटने धुवावेत.

५. रुग्णाचा संपर्क आला असेल, तर उपचार केंद्राला फोन करून तसे सांगावे आणि पुढचे दोन आठवडे डोळ्यांवर लक्ष ठेवावे.

घरात कांजिण्या किंवा नागीण आली तर मात्र प्रकरण वेगळ्या तातडीचे आहे. कांजिण्या हवेतूनही पसरतात. नागिणीच्या फोडांतील पाण्यामुळे प्रतिकारशक्ती नसलेल्याला कांजिण्या होऊ शकतात, म्हणून ते फोड झाकलेले असावेत. संपर्क झाला आणि रुग्णाला कांजिण्यांविरुद्ध संरक्षण नसेल, तर विशिष्ट इम्युनोग्लोब्युलिन (कांजिण्यांच्या विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) देता येते. ते १० दिवसांच्या आत, आणि जमल्यास पहिल्या ४ दिवसांतच द्यावे लागते. म्हणून पुरळ उठण्याची वाट न पाहता संपर्काच्या दिवशीच फोन करावा.

तपासा: नेत्रचिकित्सालयात जावे लागले, तर केमो सुरू असल्याचे नोंदणी करतानाच सांगा आणि डोळे आलेल्या रुग्णांपासून वेगळे बसवण्याची विनंती करा. डोळ्याला टेकणाऱ्या उपकरणांमधूनही हा संसर्ग पसरतो. ती निर्जंतुक केली आहेत का, असे विचारण्यात संकोच नको.

## टप्पा ६: रोजची दोन मिनिटांची पाहणी

अनेक प्रकारच्या केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. विषाणूंशी लढणारे लिम्फोसाइट मात्र काही उपचारांनंतर कित्येक महिने कमी राहू शकतात, त्यामुळे ‘काउंट (रक्तातील पेशींची संख्या) सुधारला’ एवढ्यावर पाहणी थांबवू नये.

रोज सकाळी चांगल्या उजेडात एक डोळा झाकून दुसऱ्याने ठरावीक मजकूर वाचावा, मग उलट करावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिल्यास चांगला डोळा बिघडलेल्याची उणीव भरून काढतो आणि बिघाड कळत नाही. नंतर आरशात कपाळ, पापण्या आणि नाकाचा शेंडा पाहावा.

हे लक्षात ठेवावे की प्रतिकारशक्ती क्षीण असताना लाली आणि सूज कमी दिसू शकते. सौम्य दिसणारा डोळा सौम्यच आजारी असेल, असे नाही.

## टप्पा ७: लक्षण दिसताच काय करावे

त्याच दिवशी तज्ज्ञांना दाखवावे, अशी लक्षणे: डोळा दुखणे, उजेड सहन न होणे, दृष्टी अंधूक होणे, बुबुळावर पांढरट डाग दिसणे; डोळ्यापुढे नव्याने काळे ठिपके तरंगणे, प्रकाशाच्या चमका किंवा पडदा आल्यासारखे वाटणे. सायटोमेगॅलोव्हायरसच्या संसर्गात डोळा न दुखता, न लाल होता दृष्टी जाऊ शकते, म्हणून ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ हा निकष इथे चालत नाही.

नागिणीची चाहूल: कपाळाच्या किंवा टाळूच्या एकाच बाजूला जळजळ, मुंग्या किंवा ठणका सुरू होतो आणि पुरळ बहुधा काही दिवसांनी उठते. नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड आले, तर डोळाही बाधित होण्याची शक्यता बरीच वाढते, कारण दोन्हींकडे एकाच मज्जातंतूची शाखा जाते. विषाणूविरोधी औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू होणे उत्तम. केमोच्या रुग्णात ही वेळ उलटली तरी उपचार द्यावेच लागतात, तेव्हा ‘उशीर झाला’ म्हणून घरी बसू नये.

फोन करताना या क्रमाने सांगावे: कोणती केमो, शेवटची कधी, त्रास कोणत्या डोळ्याला आणि केव्हापासून, दृष्टीत फरक आहे का, ताप आहे का, कोणत्या गोळ्या व ड्रॉप्स चालू आहेत. ताप ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर डोळ्याचा विचार नंतर. आधी थेट रुग्णालयात पोहोचावे.

तपासणी होईपर्यंत पुढील गोष्टी करू नयेत: घरात पडलेले अँटिबायोटिक ड्रॉप्स घालणे, कारण विषाणूवर त्यांचा परिणाम होत नाही, स्टेरॉइड ड्रॉप्स घालणे, डोळ्यात कोणताही घरगुती पदार्थ किंवा रस टाकणे, डोळ्यावर घट्ट पट्टी बांधणे. स्वच्छ कापडाची थंड पट्टी मिटलेल्या डोळ्यावर ठेवायला हरकत नाही.

प्रत्येक लाल डोळा संसर्गाचाच असतो, असेही नाही. डोसिटॅक्सेल आणि फ्लुरोयुरॅसिल यांमुळे अश्रुमार्ग आक्रसून डोळ्यांतून सतत पाणी येऊ शकते, मेथोट्रेक्झेटने आवरणाला दाह होतो. हा फरक घरी बसून ओळखता येत नाही. पण पाणी बरेच दिवस वाहत असेल तर तेही वेळेवर दाखवावे, कारण आक्रसलेला मार्ग कायमचा बंद होऊ शकतो.

## टप्पा ८: शेवटच्या केमोनंतर

प्रतिबंधक गोळ्या शेवटच्या सलाइनबरोबर संपत नाहीत. त्या कधी थांबवायच्या, याची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. जिवंत विषाणूच्या लसी केमो संपल्यावर किमान ३ महिने, आणि रिटुक्सिमॅबसारखी बी-पेशींवरील (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींवरील) औषधे घेतली असतील तर किमान ६ महिने पुढे ठेवतात. प्रत्यारोपणानंतर हा काळ आणखी मोठा असतो. आधी राहून गेलेली नागिणीची लस आता घेता येईल का, हे याच भेटीत विचारावे. काँटॅक्ट लेन्स पुन्हा सुरू करण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांकडून बुबुळाचा पृष्ठभाग तपासून घ्यावा आणि जुन्या लेन्स, त्यांची डबी व द्रावण टाकून सर्व काही नवे घ्यावे.